‘प्लीज हेल्प, अर्जंट’ला उत्तर का येत नाही?

पत्र: ताई नमस्कार. मी यावल तालुक्यातली, एमएस्सी अ‍ॅग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. केळीवर ठिबकमधून खत द्यायचा प्रयोग होता, थिसिस जमा करायची तारीख जवळ आलीये. सरांनी सांगितलं अ‍ॅनालिसिस आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्येच कर. मी आर शिकणाऱ्यांच्या एका ग्रुपवर लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढून टाकला आणि लिहिलं, "आर मध्ये अनोव्हा चुकीचा येतोय, प्लीज हेल्प, अर्जंट". दोन दिवस कोणीच बोललं नाही. परत टाकलं तर एकाने लिहिलं, कोड आणि डेटा द्या, फोटो नको. दुसरा म्हणाला, आधी प्रश्न विचारायला शिका. सगळ्यांसमोर. माझं इंग्रजी कच्चं आहे, गावातून शिकलेय, मला रडूच आलं. माझ्या चार ट्रीटमेंट आहेत, पाच रेप्लिकेशन, आरबीडी, सर म्हणतात ट्रीटमेंटचा डीएफ 3 यायला पाहिजे आणि माझा 1 येतोय, एवढंच तर विचारायचं होतं. आता तिथे परत विचारू की नको?

उत्तर:

विचार. नक्की विचार. पण त्याआधी तुझ्याच पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य परत एकदा वाच. चार ट्रीटमेंट, पाच रेप्लिकेशन, आरबीडी, 3 यायला पाहिजे, 1 येतोय. (बाकीच्या वाचकांसाठी: ट्रीटमेंट म्हणजे इथे खताचे वेगवेगळे डोस, रेप्लिकेशन म्हणजे प्रत्येक डोस किती वेळा लावला ते, आरबीडी म्हणजे शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळे डोस चिठ्ठ्या टाकल्यासारखे लावायचा आराखडा, अनोव्हा म्हणजे डोसांच्या सरासरीत खरा फरक आहे का ते तपासायची पद्धत, आणि डीएफ म्हणजे त्या टेबलातला एक आकडा, ट्रीटमेंटसाठी तो ट्रीटमेंटच्या संख्येपेक्षा एकने कमी असतो.) हे तू मला लिहिलंस कारण मन मोकळं करत होतीस, आणि ग्रुपवर हेच लिहायचं राहून गेलं. तिथे हे एक वाक्य असतं ना, तर आर वापरणाऱ्या कोणीही पाच मिनिटांत सांगितलं असतं की बहुतेक तुझा ट्रीटमेंटचा कॉलम आकडा म्हणून वाचला गेलाय. म्हणजे प्रश्न विचारता येत नाही असं अजिबात नाही, तुला छान येतो, फक्त तो चुकीच्या ठिकाणी पोचला.

ज्याने "विचारायला शिका" म्हटलं त्याचं सोडून दे, असं बोलायला नको होतं, आणि त्यात तुझ्या गावाचा किंवा इंग्रजीचा काही संबंध नाही. पण पहिला जो म्हणाला कोड आणि डेटा द्या, त्याच्यावर मात्र रागावू नकोस, त्याने तुला त्या दोन दिवसातलं सगळ्यात कामाचं वाक्य दिलंय. का ते सांगते.

आर हे फुकट मिळतं हे तुला माहितीये. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी ते सुरू केलं, 29 फेब्रुवारी 2000 ला त्याची 1.0.0 आवृत्ती आली, आणि त्यानंतर जगभरच्या लोकांनी आपापली पॅकेजेस, म्हणजे तयार फंक्शनचे संच, लिहून त्यात घातली. तुझ्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस पण असाच, कुठेतरी आपली नोकरी, आपला अभ्यास सांभाळून मोकळ्या वेळेत बसलेला. त्याला पगार नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला तुझा लॅपटॉप दिसत नाही. तुझी एक्सेल फाईल दिसत नाही, तू आधी कोणत्या ओळी चालवल्यास ते दिसत नाही, सर काय म्हणाले ते ऐकू येत नाही. त्याच्याकडे आहे काय, तर तू लिहिलेली एक ओळ आणि एक तिरका फोटो.

आता तू अ‍ॅग्रीची आहेस म्हणून विचारते. उद्या गावातल्या एखाद्या काकांनी फोन केला, "केयीले काहीतरी झालं व माय, औषध सांग", तर तू लगेच औषध सांगशील का? नाही सांगणार. तू विचारशील की काका मृगबाग आहे का कांदेबाग (पावसाळ्यातली लागवड का पावसाळ्यानंतरची), पान वरचं आहे का खालचं, डाग आहेत का कडा वाळताहेत, कधीपासून, शेवटचं काय फवारलं, पाणी किती सोडताय. अन् काका म्हणाले की ते सगळं जाऊ दे, तू फक्त औषध सांग, अर्जंट आहे, तर तुझा नाइलाज होईल, कारण माहिती नसताना औषध सांगणं म्हणजे अंदाजाने बाग जाळणं. ग्रुपवरचे लोक गप्प बसले त्याचं कारण एवढंच होतं.

तुझ्या डीएफचं बघू, म्हणजे माहिती द्यायची म्हणजे नेमकं काय ते कळेल. चार ट्रीटमेंट असल्या तर ट्रीटमेंटचा डीएफ 3, पाच रेप्लिकेशनचा 4, एररचा (उरलेल्या फरकाचा) 12, एकूण 20 प्लॉट म्हणून टोटल 19. हे सरांचं बरोबर आहे. आता तू एक्सेलमध्ये ट्रीटमेंटच्या कॉलममध्ये नुसतं 1, 2, 3, 4 टाइप केलं असशील, रेप्लिकेशनमध्ये 1 ते 5, आणि ती फाईल सीएसव्ही (साधी मजकूर फाईल) करून आर मध्ये घेतली असशील. आर ला कसं कळणार की हे खताच्या डोसांचे नंबर आहेत, त्याला वाटतं हे मोजलेले आकडे आहेत, किलो किंवा सेंटिमीटरसारखे, मग तो 1 पासून 4 पर्यंत एक सरळ रेष बसवतो, आणि सरळ रेषेला डीएफ लागतो एकच. रेप्लिकेशनचंही तेच, तिथेही 1, आणि उरलेले 17 एररमध्ये. तुझ्या टेबलात 1, 1, 17 असं दिसत असेल तर हेच झालंय. दोन्ही कॉलम फॅक्टर, म्हणजे आकडे नाही तर गटांची नावं, करून घे, परत एओव्ही (अनोव्हाचं फंक्शन) चालव, 3, 4, 12 येईल. आर ने चुकीचा मेसेज दिला नाही, वॉर्निंग दिली नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं, म्हणूनच ही चूक फार जणांच्या थिसिसमध्ये कोणाच्या लक्षात न येता जाऊ शकते आणि तुझ्या सरांनी पकडली हे खरंच चांगलं झालं.

हे फोटोत दिसलं असतं का? नाही ना. तू डेटा स्क्रीनवर दाखवलास तरी तिथे 1 हा 1 च दिसतो, तो आकडा आहे का फॅक्टर हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून लोक फोटो नको म्हणतात, त्यात नखरा काही नाही. फोटोतला डेटा समोरच्याला स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेता येत नाही, 20 ओळी हाताने टाइप कोण करणार, आणि केल्या तरी कॉलमचा प्रकार त्यात येतच नाही. आर मध्ये यासाठी डीपुट नावाचं फंक्शन आहे, ते तुझ्या डेटाचं असं लिखित रूप काढून देतं की समोरच्याने कॉपी पेस्ट केलं की त्याच्याकडे हुबेहूब तुझाच टेबल तयार, आकडा तो आकडा, फॅक्टर तो फॅक्टर. दिसायला ते भयानक दिसतं, कंस आणि स्वल्पविरामांचा गुंता, ते बघून घाबरू नकोस, तो माणसाने वाचायचा नसतोच. आणि हे करायच्या आधी एसटीआर चालवून बघायची सवय लाव, त्यात प्रत्येक कॉलमपुढे त्याचा प्रकार लिहून येतो. स्टाटा हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी डीपुटसारखंच डेटाएक्स आहे. एसपीएसएस हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या वाचकांनी मेनूतून क्लिक करत जाण्याऐवजी डायलॉग बॉक्समधलं पेस्ट बटण दाबावं, म्हणजे तुम्ही काय काय निवडलं त्याचं सिंटॅक्स (लिखित कोड) तयार होतं, ते प्रश्नात टाकता येतं.

पण सगळा डेटा टाकू नकोस बरं का. लोक एकतर काहीच देत नाहीत नाहीतर तीन वर्षांची सगळी फाईल ड्राइव्हवर टाकून लिंक देतात, आणि 300 ओळींचा कोड. तेवढं कोणी उघडत नाही. प्रश्न छोटा कर. तुझ्याकडे उंची, खोडाचा घेर, पानं, फण्या, घडाचं वजन असे दहा कॉलम असतील, तर ज्यावर अडलंय तो एक ठेव, ट्रीटमेंट आणि रेप्लिकेशन ठेव, बाकी काढ. ग्राफच्या ओळी काढ. मग आर रीस्टार्ट कर, आरस्टुडिओत (ज्यात बरेच जण आर चालवतात) कंट्रोल शिफ्ट एफ10, आणि तेवढ्याच छोट्या कोडवर तीच अडचण परत येते का बघ. रीस्टार्ट यासाठी की सकाळपासून चालवलेल्या दहा गोष्टी मेमरीत बसलेल्या असतात, तुझ्याकडे कोड चालतो आणि समोरच्याकडे चालत नाही कारण एखादं ऑब्जेक्ट तू तासाभरापूर्वी बनवलेलं असतं आणि प्रश्नात त्याचा पत्ताच नसतो. रेप्रेक्स नावाचं पॅकेज हेच काम करतं, तुझा कोड कोऱ्या सेशनमध्ये चालवून कोड आणि आउटपुट एकाखाली एक लावून देतं, सरळ पेस्ट करायचं.

या छाटणीमध्येच निम्मे प्रश्न सुटतात, हे मी मनापासून सांगतेय. एक उदाहरण देते, केळीवाल्यांच्या डेटात हमखास सापडणारं. घडाच्या वजनाचा कॉलम, सगळे आकडे नीट, आणि मध्येच एका ओळीत लिहिलेलं असतं "पडले", कारण ते झाड वादळात पडलं. माणसाला ते बरोबर समजतं. पण एका शब्दामुळे आर तो पूर्ण कॉलम मजकूर म्हणून वाचतो, सरासरी काढायला गेलं की एनए (म्हणजे किंमत नाही) येतो, आणि खाली वॉर्निंग येते की हे आकडे नाहीत. विद्यार्थी ग्रुपवर लिहितो की मीन येत नाही, एनए येतोय, आणि ती वॉर्निंगची ओळ कॉपीच करत नाही. अरे तीच तर सगळं सांगत होती! तसंच बागेच्या कॉलममध्ये कुठे कांदेबाग एकत्र, कुठे कांदे बाग तोडून, कुठे शेवटी एक स्पेस जास्त, डोळ्याला दोन प्रकार दिसतात आणि आर पाच दाखवतो. डेटा पाच-सात ओळींवर आणला की असलं काहीतरी आपोआप नजरेत येतं.

एरर आला असेल तर तो जसाच्या तसा टाक, पूर्ण, पहिल्या अक्षरापासून. "एरर येतोय" एवढ्यावर कोणालाच काही कळत नाही, पण मजकूर दिला तर जाणकार माणूस कधीकधी डेटा न बघताही ओळखतो. उदाहरणार्थ डीप्लायर पॅकेजचं सिलेक्ट फंक्शन कालपर्यंत चालत होतं, आज अनयूज्ड आर्ग्युमेंट म्हणतंय. कारण काय, तर आज तू नंतर मास पॅकेज लोड केलंस, त्यातही सिलेक्ट नावाचं फंक्शन आहे, आणि जे पॅकेज नंतर लोड होतं त्याचं चालतं. म्हणून लायब्ररीच्या, म्हणजे पॅकेज लोड करायच्या, सगळ्या ओळी प्रश्नात पाहिजेत, ज्या क्रमाने लिहिल्यास त्याच क्रमाने. व्हर्जनही लिही, सेशनइन्फो चालवलं की सगळं एकदम मिळतं. व्हर्जनने एवढा काय फरक पडतो वाटेल, पण 2020 मध्ये आर 4.0.0 आलं तेव्हापासून सीएसव्ही वाचताना शब्दांचे कॉलम आपोआप फॅक्टर होणं बंद झालं. आपल्याकडे सीनियरच्या जुन्या नोट्स पिढ्यानपिढ्या फिरतात, त्यात लेव्हल्स विचारलं की चार ट्रीटमेंटची नावं येतात, तू तेच केलंस की नल (म्हणजे काहीच नाही) येतं, आणि तुला वाटतं माझंच काहीतरी बिघडलंय. काही बिघडलेलं नाही, नोट्स जुन्या आहेत.

तुझा डेटा अजून छापून आलेला नाही, तो असा बाहेर टाकायचा का, असंही तुझ्या मनात येईल. बरोबर आहे, सरांना विचारल्याशिवाय खरा डेटा टाकू नये. आणि प्रयोग शेतकऱ्यांच्या शेतावर असेल, रावेर-चोपड्याकडे फिरून सर्व्हे केला असेल, तर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, मोबाईल नंबर यातलं एकही अक्षर बाहेर जाता कामा नये, त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवून माहिती दिलीये. पण त्यासाठी अडून बसायची गरज नाही. खोटे आकडे बनव, वजनाच्या जागी काहीही टाक, फक्त अडचण तीच दिसली पाहिजे. रँडम आकडे घेतलेस तर आधी सेट सीड लिही म्हणजे समोरच्याकडे पण तेच आकडे येतील. नाहीतर आर सोबत येणारे डेटासेट वापर, प्लांटग्रोथ म्हणून आहे, 30 रोपांचं वाळलेलं वजन, एक कंट्रोल आणि दोन ट्रीटमेंट, किंवा एनपीके, मटारावरचा, 24 प्लॉट 6 ब्लॉक, तुला तर घरचाच वाटेल. हे सगळ्यांच्या आर मध्ये आधीच असतात, काही पाठवायची गरजच नाही.

यापेक्षाही जास्त महत्त्वाचं म्हणजे तुला शेवटी हवंय काय ते लिही. बरेच जण आपण निवडलेल्या वाटेवर कुठे अडलो तेवढंच विचारतात. "लूपमध्ये सहा वेळा टी टेस्ट कशी चालवू" असं कोणी विचारलं तर लोक लूप शिकवतील, आणि खरं तर त्याला चार ट्रीटमेंटची एकमेकांशी तुलना करायची असते, ज्यासाठी अ‍ॅग्रिकोली पॅकेजमध्ये एलएसडी टेस्ट तयार पडलेली आहे, आपल्याकडे सीडी (क्रिटिकल डिफरन्स) काढतात ना, तेच. म्हणून वर एक ओळ, मला काय करायचंय. आणि लेआउट सांगायला विसरू नकोस. तुझ्या पत्रात खताबद्दल लिहिलंय, पण समज पाण्याचे पण वेगवेगळे लेव्हल होते, पाणी मेन प्लॉटला आणि खत आतल्या सब प्लॉटला, तर तो साधा आरबीडी राहतच नाही, स्प्लिट प्लॉट होतो आणि एरर दोन लागतात. हे एक्सेलच्या कॉलमवरून जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला कळणार नाही, शेतात उभी तू होतीस. कोणती टेस्ट लावायची हा प्रश्नच मुळात सॉफ्टवेअरचा नाही, तो सरांबरोबर किंवा कॉलेजातल्या स्टॅटच्या मॅडमबरोबर बसून आधी सोडव, आणि ठरलेली टेस्ट आर मध्ये कशी चालवायची ते मग ग्रुपवर विचार. दोन्ही एकात मिसळले की दोन्हीकडून धड उत्तर मिळत नाही.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस. कोड सगळ्या जगात एकच आहे, डीपुटला व्याकरण लागत नाही. मधली तीन-चार वाक्यं छोटी छोटी लिही, सजवू नकोस. तुझा प्रश्न मी लिहिला तर असा लिहीन: "केळीचा प्रयोग, आरबीडी, 4 ट्रीटमेंट, 5 रेप्लिकेशन, 20 प्लॉट. मला घडाच्या वजनाचा अनोव्हा काढायचा आहे. ट्रीटमेंटचा डीएफ 3 अपेक्षित आहे, पण 1 येतो. खाली डीपुटने काढलेला डेटा, मी चालवलेल्या ओळी आणि आलेला टेबल दिला आहे. एसटीआर मध्ये ट्रीटमेंट पूर्णांक दाखवतो, त्याचा संबंध आहे का? आर ची आवृत्ती अमुक." संपलं. यात कठीण इंग्रजी करावं असं काय आहे सांग. शीर्षकातही हेल्प नको, अर्जंट तर नकोच, "अनोव्हात 4 ट्रीटमेंट असून डीएफ 1 का येतो" असं लिही, ज्याला माहितीये तो शीर्षक बघूनच उघडेल. तुझी तारीख जवळ आलीये हे खरं आहे गं, पण अर्जंट लिहिल्याने समोरच्याचं काम सोपं होत नाही, चार ओळी जास्त दिल्याने होतं.

टाकून झालं की तिथेच थांब. कोणी उलट काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर दे, एकाच वेळी पाच ग्रुपवर तोच प्रश्न टाकू नकोस, टाकलास तर तसं सांग, म्हणजे एकीकडे सुटलेल्या गोष्टीवर दुसरीकडे कोणी रात्र घालवणार नाही. आणि उत्तर मिळालं की "झालं, थँक्यू" म्हणून पोस्ट डिलीट करणारे असतात ना, तसं तर अजिबात करू नकोस. कोणत्या ओळीने काम झालं ते खाली लिहून ठेव. उद्या शिरपूर नाहीतर शहाद्याची एखादी मुलगी हाच डीएफ 1 घेऊन रात्री बारा वाजता सर्च करत बसेल, तिला ते तिथे सापडू दे.

आता आधी लॅपटॉप उघड आणि एसटीआर चालव. ट्रीटमेंटपुढे आयएनटी किंवा एनयूएम (म्हणजे आकडा) दिसलं तर फॅक्टर करून एओव्ही परत चालव आणि 3, 4, 12 आलं का ते मला कळव. काहीतरी वेगळंच दिसलं तर डीपुटचा आउटपुट मेलमध्ये पेस्ट करून पाठव, सोबत तू चालवलेल्या ओळी, फोटो नको.